एम्फिसिमासाठी श्वासनलिकेतील झडपा : निवड, उपचार आणि नंतरची काळजी

एम्फिसिमामध्ये फुप्फुसातील वायुकोशांच्या पातळ भिंती हळूहळू नष्ट होतात. लहान लहान कोशांच्या जागी मोठ्या, सैल पोकळ्या उरतात. प्राणवायू रक्तात उतरण्यासाठी लागणारे पृष्ठफळ त्यामुळे घटते आणि त्याच वेळी फुप्फुसाची लवचीकताही जाते. निरोगी फुप्फुस श्वास सोडताना आपल्याच ताणाने आक्रसते. एम्फिसिमातले फुप्फुस तसे आक्रसत नाही. बारीक श्वासनलिका हवा बाहेर पडण्याआधीच मिटतात आणि हवा आत अडकून राहते. पूर्ण श्वास सोडल्यावरही निरोगी प्रौढाच्या फुप्फुसात साधारण १.२ लिटर हवा शिल्लक असते. वाढलेल्या आजारात ही शिल्लक चार-पाच लिटरपर्यंत जाऊ शकते. फुगलेल्या फुप्फुसांखाली श्वासपटल दाबले जाऊन सपाट होते, बरगड्या कायमच्या वर उचललेल्या राहतात आणि नव्या श्वासाला छातीत जागाच उरत नाही. चालताना किंवा जिना चढताना श्वासाचा वेग वाढतो, श्वास सोडायला वेळ आणखी कमी मिळतो आणि अडकलेली हवा वाढत जाते. म्हणूनच ‘श्वास आत घेता येत नाही’ ही रुग्णाची तक्रार असली, तरी मूळ अडचण श्वास बाहेर न जाण्याची असते.

पंपातून घेतलेली औषधे श्वासनलिका रुंद करतात, सूज कमी करतात. पण नष्ट झालेल्या भिंती परत येत नाहीत. छातीतली जागा मोकळी करण्याचा विचार त्यामुळे जुना आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील शल्यविशारद ओटो ब्रँटिगन यांनी १९५० च्या दशकात फुप्फुसाचा सर्वांत बिघडलेला भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. त्या काळी मृत्यूंचे प्रमाण जास्त असल्याने ती मागे पडली आणि १९९० च्या दशकात जोएल कूपर यांनी तिला नव्याने चालना दिली. अमेरिकेतच १,२१८ रुग्णांवर झालेल्या ‘नेट’ या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार मुख्यतः फुप्फुसाच्या वरच्या भागात असलेल्या आणि श्रमाची क्षमता फार कमी असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेने खरोखर फायदा झाला. मात्र पहिल्या ९० दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७.९ टक्के रुग्ण दगावले, केवळ औषधोपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १.३ टक्के होते. छाती न उघडता तोच परिणाम साधता येईल का, या शोधातून श्वासनलिकेतील झडपा पुढे आल्या.

झडप एकाच दिशेने उघडते. फुप्फुसाच्या ज्या खंडात हवा सर्वाधिक अडकली आहे, त्या खंडाकडे जाणाऱ्या प्रत्येक नलिकेत एकेक झडप बसवली जाते. श्वास घेताना ती बंद राहते, म्हणून नवी हवा आत जात नाही. श्वास सोडताना उघडते, म्हणून अडकलेली हवा आणि कफ बाहेर येतो. काही तासांत किंवा दिवसांत तो खंड रिकामा होऊन मिटतो. मिटलेल्या खंडाचे काम आधीच जवळपास संपलेले असते, त्यामुळे त्याचा तोटा फारसा जाणवत नाही. शेजारच्या, तुलनेने चांगल्या खंडांना पसरायला जागा मिळते आणि श्वासपटल पुन्हा घुमटासारखा आकार घेऊ लागते. सध्या प्रामुख्याने दोन प्रकारच्या झडपा, म्हणजे वॉल्व्ह, वापरल्या जातात. ‘झेफिर’मध्ये निकेल आणि टायटॅनियम यांच्या नायटिनॉल या मिश्रधातूची जाळी आणि आत बदकाच्या चोचीच्या आकाराची सिलिकॉनची झडप असते. ‘स्पायरेशन’ वॉल्व्ह छत्रीच्या आकाराचा असतो, त्याच्या नायटिनॉलच्या काड्यांवर पॉलियुरेथेनचा पडदा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या दोन्हींना २०१८ मध्ये मंजुरी दिली.

हा उपचार यशस्वी होईल की नाही, हे बहुतांशी ब्रॉन्कोस्कोप, म्हणजे श्वासनलिकेत पाहायची दुर्बीण, घशात उतरण्याआधीच ठरलेले असते. उजव्या फुप्फुसात तीन आणि डाव्यात दोन खंड असतात, त्यांच्यामधील फटींना डॉक्टर ‘फिशर’ म्हणतात. पुस्तकातल्या आकृतीत ही फट खंडांना पूर्ण वेगळे करते. प्रत्यक्षात पुष्कळ माणसांत ती अर्धवट असते आणि दोन खंड काही भागात एकमेकांना जोडलेले राहतात. एम्फिसिमामध्ये या जोडातून हवा एका खंडातून दुसऱ्यात सहज जाते. असा जोड असेल तर पुढच्या दाराला कितीही वॉल्व्ह लावले, तरी शेजारच्या खंडातून हवा येतच राहते आणि खंड मिटत नाही. ‘व्हेंट’ या पहिल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले, ३२१ रुग्ण होते. एका सेकंदात जोराने सोडलेल्या हवेचे प्रमाण, म्हणजे एफईव्ही-१, झडपा बसवलेल्या आणि न बसवलेल्या दोन गटांत सरासरी ६.८ टक्क्यांच्या फरकाने सुधारले. हा फायदा तुटपुंजाच म्हणायला हवा. मात्र ज्यांची फट पूर्ण होती, त्यांना तो कितीतरी जास्त झाल्याचे त्याच आकडेवारीतून दिसले. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेल्व्हिओ’ चाचणीत मग फक्त खंडांमध्ये हवेची ये-जा नसलेले ६८ रुग्ण घेतले गेले. सहा महिन्यांनंतर झडपा बसवलेला गट सहा मिनिटांच्या चालण्यात दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ७४ मीटरने पुढे होता. बदलली होती ती मुख्यतः रुग्णांची निवड.

म्हणून या उपचाराबद्दल चौकशी करणाऱ्या रुग्णाने किंवा नातेवाइकाने पहिला प्रश्न खर्चाचा किंवा बेडचा विचारण्यापेक्षा फटीचा विचारावा. ती दोन प्रकारे तपासतात. पहिली पायरी छातीच्या पातळ छेदांच्या सीटी स्कॅनची असते. या स्कॅनचे संगणकाच्या साहाय्याने विश्लेषण करून कोणत्या खंडात किती नाश झाला आहे आणि कोणती फट किती टक्के पूर्ण आहे, हे काढले जाते. साधारण ९५ टक्क्यांहून अधिक पूर्ण असेल तर शक्यता चांगली, ८० टक्क्यांहून कमी असेल तर हा मार्ग सोडून द्यावा, आणि मधल्या पट्ट्यात दुसरी तपासणी निर्णायक ठरते. त्या तपासणीत, जिला ‘चार्टिस’ म्हणतात, ब्रॉन्कोस्कोपीच्या वेळी खंडाच्या तोंडाशी लहान फुगा फुगवून नलिका बंद करतात आणि आतून येणारी हवा मोजतात. हवेचा प्रवाह हळूहळू कमी होत थांबला तर तो खंड स्वतंत्र आहे. प्रवाह चालूच राहिला तर हवा शेजारून येत आहे. उजव्या फुप्फुसातील वरच्या आणि मधल्या खंडांमधली आडवी फट अनेकांत अपुरी असते. सर्वांत बिघडलेला खंड नेमका उजवा वरचा असूनही डॉक्टर कधी दुसरा खंड सुचवतात, त्याचे एक कारण हे असते.

फटीखेरीज इतर अटीही आहेत. एफईव्ही-१ अपेक्षित प्रमाणाच्या साधारण १५ ते ४५ टक्के असावे लागते. त्याहून चांगले असेल तर धोका पत्करण्याचे कारण नसते. श्वास सोडल्यावर उरणारी हवा अपेक्षित प्रमाणाच्या किमान १७५ टक्के असावी, आणि आजार सर्व खंडांत सारखाच पसरलेला असेल तर २०० टक्के. ही मोजणी साध्या स्पायरोमेट्रीवर होत नाही. त्यासाठी रुग्णाला काचेच्या बंद कक्षात बसवून बॉडी प्लेथिस्मोग्राफी करावी लागते आणि ही सोय सगळीकडे नसते. तपासण्यांची फाईल घेऊन मोठ्या शहरात जाण्याआधी तिथे हे यंत्र आहे का, याची फोनवरच खात्री केलेली बरी, नाहीतर पहिली फेरी वाया जाते. सहा मिनिटांत रुग्णाला निदान १०० मीटर चालता यावे. रक्तातील वायूंची तपासणी आणि हृदयाचा टूडी इकोही लागतो, कारण रक्तात कार्बन डायऑक्साइड फार साठलेला असेल किंवा फुप्फुसाच्या धमनीतला दाब बराच वाढलेला असेल तर उपचार धोक्याचा ठरतो. रोज २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड लागणारे, वारंवार जंतुसंसर्ग होणारे, किंवा छातीच्या एका बाजूचा एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा एकाच महाकाय फुग्याने (भिंती नष्ट होऊन झालेल्या पोकळीने) व्यापलेले रुग्ण सहसा घेतले जात नाहीत. निकेल किंवा सिलिकॉनची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगावी.

भारतातील रुग्णांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. इथे सीओपीडीचे, म्हणजे एम्फिसिमा ज्यात मोडतो त्या दीर्घकालीन श्वसनविकाराचे, कारण केवळ विडी-सिगारेट नसते. लाकूड, शेणाच्या गोवऱ्या आणि काटक्यांच्या चुलीपुढे आयुष्य गेलेल्या, कधीही धूम्रपान न केलेल्या अनेक स्त्रियांना हा आजार होतो. तेव्हा पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखाने धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. मात्र चुलीच्या धुरामुळे होणाऱ्या आजारात बिघाड प्रामुख्याने श्वासनलिकांमध्ये दिसतो, वायुकोशांचा नाश धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा कमी असतो. धाप सारखीच लागली तरी अशा रुग्णाला झडपेचा उपयोग होण्याची शक्यता कमी, आणि हे सीटी स्कॅनवर लगेच कळते. दुसरी गोष्ट क्षयाची. पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांच्या फुप्फुसात व्रण, पोकळ्या आणि आवरणाला चिकटलेले भाग राहतात. खंड बरगडीकडच्या आवरणाला घट्ट चिकटला असेल तर तो नीट मिटत नाही किंवा मिटताना ओढ बसून फुप्फुस फाटण्याची भीती असते. जुना क्षय ‘बरा झाला’ म्हणून सांगायचा राहून जातो. तो जुन्या एक्स-रेसह सांगावा, आणि सध्या क्षय नाही याची कफ तपासून खात्री करून घ्यावी.

धूम्रपान किमान चार महिने पूर्ण बंद असल्याशिवाय बहुतेक केंद्रे पुढचे पाऊल टाकत नाहीत. ते तपासण्यासाठी रक्तातील किंवा लघवीतील कोटिनीन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ, मोजला जातो. तंबाखू, मशेरी किंवा गुटखा चालू असला तरी ही चाचणी होकारात्मक येते. त्यामुळे ‘विडी तर केव्हाच सोडली’ हे खरे असूनही रुग्ण खोटा ठरू शकतो. तोंडात ठेवायचे व्यसन असेल तर ते आधीच मोकळेपणाने सांगितलेले चांगले, आणि सुटले तर त्याहून चांगले.

पूर्वतयारीत फुप्फुस पुनर्वसनाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. आठवड्यातून दोन-तीनदा, सहा ते बारा आठवडे, देखरेखीखाली चालणे, पायांचे व हातांचे व्यायाम, ओठ आवळून श्वास सोडण्याचा सराव आणि आहार यांचा हा कार्यक्रम असतो. काही रुग्ण त्यानेच इतके सुधारतात की झडपेचा विषय पुढे ढकलला जातो. न सुधारलेल्यांनाही पायांत आलेली ताकद नंतर उपयोगी पडते, कारण मोकळ्या झालेल्या श्वासाचा वापर करायला स्नायू तयार हवेत. पंप नीट तंत्राने घेतला जातो का, हेही याच काळात तपासून घ्यावे. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी घेतलेल्या असाव्यात. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे किती दिवस आधी थांबवायची, हे हृदयरोगतज्ज्ञाशी बोलून ठरवावे. ती परस्पर बंद करू नयेत.

प्रत्यक्ष प्रक्रिया त्यामानाने छोटी असते. भूल देऊन किंवा गुंगीच्या औषधाखाली ब्रॉन्कोस्कोप तोंडातून श्वासनलिकेत नेतात, नलिकेचा व्यास मोजतात आणि घडी घातलेला वॉल्व्ह बारीक नळीतून तिथे सोडतात. तो उघडून भिंतीला घट्ट बसतो. एका खंडासाठी साधारण तीन ते पाच वॉल्व्ह लागतात आणि सगळे मिळून अर्धा ते एक तास जातो. कुठेही छेद किंवा टाका नसतो. याच कारणाने ‘आज जाऊन उद्या परत’ अशी समजूत होते, आणि ती घातक आहे.

सर्वांत मोठा धोका न्यूमोथोरॅक्सचा, म्हणजे फुप्फुस फाटून त्याच्याभोवतीच्या पोकळीत हवा भरण्याचा. बिघडलेला खंड झपाट्याने मिटतो, शेजारचा खंड तितक्याच झपाट्याने ताणला जातो आणि त्याची नाजूक भिंत फाटते. ज्यांच्यात झडप उत्तम काम करते, त्यांच्यातच हा धोका जास्त असतो, ही या उपचाराची विचित्र बाजू आहे. १९० रुग्णांच्या ‘लिबरेट’ चाचणीत झडपा बसवलेल्या १२८ जणांपैकी ३४ जणांना, म्हणजे २६.६ टक्के रुग्णांना, पहिल्या ४५ दिवसांत न्यूमोथोरॅक्स झाला आणि याच काळात चौघांचा मृत्यू झाला. बहुतेक न्यूमोथोरॅक्स पहिल्या तीन-चार दिवसांतच होतात. म्हणून किमान तीन रात्री रुग्णालयात राहणे, प्रक्रियेनंतर लगेच आणि नंतर रोज एक्स-रे काढणे, हा शिरस्ता आहे. छातीत नळी घालून हवा काढली की अनेकांची भेग आपोआप भरते. काहींमध्ये एखादा वॉल्व्ह काढावा लागतो. न्यूमोथोरॅक्स होऊन तो वेळीच हाताळला गेला, तर नंतर मिळणारा फायदा सहसा बुडत नाही.

घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे जपून राहावे. जड ओझे उचलू नये, जोराचा खोकला आवरण्याची औषधे सांगितल्याप्रमाणे घ्यावीत, आणि विमानप्रवास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करू नये. गाव दूर असेल तर निदान पहिला आठवडा छातीत नळी घालण्याची सोय असलेल्या रुग्णालयाच्या जवळ मुक्काम ठेवावा. अचानक छातीत दुखले किंवा दम एकाएकी वाढला तर तो ‘नेहमीचाच दमा’ समजून घरी नेब्युलायझर देत बसू नये. तातडीने एक्स-रे काढावा. ज्या डॉक्टरांना झडपेची कल्पना नाही, ते अशा वेळी बायपॅप लावण्याची शक्यता असते, आणि न्यूमोथोरॅक्स असताना दाबाने हवा देणे जिवावर बेतू शकते. कोणत्या खंडात किती वॉल्व्ह आहेत याचे कार्ड किंवा पत्र रुग्णाच्या पाकिटात आणि त्याची प्रत घरच्यांच्या मोबाइलमध्ये असावी. या कार्डाचा आणखीही उपयोग आहे. मिटलेला खंड एक्स-रेवर पांढरा दिसतो. माहिती नसलेल्याला तो न्यूमोनिया, क्षय किंवा गाठ वाटू शकतो आणि नको ते उपचार सुरू होऊ शकतात. एमआरआय करायची वेळ आली तर केंद्राला वॉल्व्हबद्दल आधी कळवावे.

इतर त्रासांत सीओपीडीचा जोर अचानक वाढणे, न्यूमोनिया, थुंकीतून थोडे रक्त पडणे आणि नलिकेच्या आत मांसाचा अंकुर वाढणे हे येतात. क्वचित वॉल्व्ह जागेवरून सरकतो किंवा खोकल्याबरोबर बाहेर पडतो. तसे झाल्यास तो जपून ठेवून डॉक्टरांना दाखवावा.

उपयोग किती झाला हे साधारण दीड महिन्याने काढलेल्या सीटी स्कॅनवर आणि चाचण्यांवर ठरते. लिबरेटमध्ये एका वर्षानंतर झडपा बसवलेल्यांपैकी ४७.७ टक्के रुग्णांच्या एफईव्ही-१ मध्ये किमान १५ टक्के वाढ टिकून होती. केवळ औषधे घेणाऱ्यांत ही वाढ १६.८ टक्क्यांना दिसली. सहा मिनिटांच्या चालण्यात दोन गटांमध्ये सरासरी ३९ मीटरचा फरक होता. म्हणजे काळजीपूर्वक निवडलेल्यांतही निम्म्याहून थोड्या अधिक जणांना ठरवलेली सुधारणा गाठता आली नाही. ज्यांना गाठता आली त्यांच्या बाबतीत न थांबता अंघोळ करणे, एक मजला चढणे, घरातल्या घरात आधाराविना वावरणे एवढा हा बदल असू शकतो, आणि हा आजार जवळून पाहिलेल्यांना तो लहान वाटत नाही. खंड मिटला नसेल तर आधी वॉल्व्ह नीट बसले आहेत का हे पाहतात आणि गरज पडल्यास बदलतात. तरीही फायदा नसेल तर ते काढून टाकता येतात. औषधे, पंप आणि ज्यांना लागतो त्यांचा घरचा ऑक्सिजन झडपेनंतरही चालू राहतो. तो कमी करण्याचा निर्णय मोजमापांवरच घ्यावा.

खर्चाचा मोठा भाग वॉल्व्हचा असतो आणि त्यांची संख्या ऐन प्रक्रियेत ठरते. म्हणून अंदाजपत्रक घेताना प्रत्येक वॉल्व्हची किंमत, न्यूमोथोरॅक्स झाल्यास वाढणारा मुक्काम आणि नंतर वॉल्व्ह बदलावा लागल्यास येणारा खर्च वेगवेगळा लिहून घ्यावा. विमा असेल तर कंपनीची पूर्वसंमती लेखी मिळवावी. त्या रुग्णालयात अशा किती प्रक्रिया झाल्या आहेत आणि रात्री-अपरात्री छातीत नळी घालणारे डॉक्टर हजर असतात का, हे विचारण्यात संकोच करू नये.

फट अपुरी असल्याने किंवा अन्य कारणाने झडप बसत नसेल, तरी सर्व मार्ग बंद होत नाहीत. एकच महाकाय फुगा असेल तर तो शस्त्रक्रियेने काढण्याने चांगला आराम पडू शकतो. आजार वरच्या भागात असेल तर फुप्फुसाचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया आता बहुधा दुर्बिणीतून केली जाते. ब्रिटनमधील ‘सेलेब’ चाचणीत ही शस्त्रक्रिया आणि झडपा यांची ८८ रुग्णांमध्ये तुलना केली गेली. एका वर्षानंतर दोन्ही गटांच्या एकत्रित गुणांकात ठळक फरक आढळला नाही, म्हणजे त्या चाचणीतील रुग्णांत तरी शस्त्रक्रिया कमी प्रतीचा पर्याय ठरली नाही. आजार खूपच पुढे गेलेल्या आणि वयाने तुलनेने लहान रुग्णांसाठी फुप्फुस प्रत्यारोपणाचा विचार होतो. झडपा बसवलेल्या असल्या तरी प्रत्यारोपणाचा मार्ग बंद होत नाही. मात्र त्यासाठीची तपासणी आणि प्रतीक्षायादी यांना बराच काळ लागत असल्याने पात्र रुग्णाचे नाव झडपेच्या निकालाची वाट न पाहता प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवावे.